कालवडीला पाजलेले दूध वाया जाते का?

प्रश्न: जयपूरजवळ आमचा संकरित गाईंचा छोटा गोठा आहे. डेअरीत दूध घालायचे म्हणून कालवडीला दिवसाला दोनच लिटर पाजतो. पुढे तोटा होईल का?

उत्तर: होईल, आणि तो पहिल्या वेतातच दिसू लागतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये होल्स्टिन कळपाच्या नोंदी तपासल्या. दूध तुटण्यापूर्वी रोजची वजनवाढ जितकी जास्त, तितके पहिल्या वेतातील दूध जास्त, असे त्यांना आढळले: एक किलो वाढीमागे सुमारे 850 लिटर. म्हणजे रोज 200 ग्रॅम वाढ जास्त मिळाली, तर सुमारे 170 लिटर दूध अधिक. संकरित गाईत आकडा वेगळा येईल, पण दिशा तीच.

सुरुवात चिकापासून करावी. वासराच्या आतड्यातून रोगप्रतिकारक प्रथिने रक्तात जाण्याची वाट जन्मानंतर तासातासाला अरुंद होते आणि 24 तासांत जवळपास बंद होते. त्यामुळे 30 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांतच तीन लिटर चीक द्यावा. वार पडायची वाट पाहू नये.

पुढे दूध हळूहळू वाढवत दिवसाला पाच-सहा लिटरपर्यंत न्यावे. ते अंगाइतके कोमट असावे आणि दोन-तीन वेळांत विभागून पाजावे.

राजस्थानातल्या जानेवारीच्या रात्री वासराची बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. तेव्हा कोरडे अंथरूण आणि थोडे जास्त दूध द्यावे.

पहिल्या आठवड्यापासून खुराक आणि स्वच्छ पाणी समोर ठेवावे. वासरू सलग तीन दिवस रोज किलोभर खुराक खाऊ लागले, की दूध टप्प्याटप्प्याने तोडावे.