काम मागण्याचा हक्क



सकाळच्या मिस्साला येताना नाक्यावर उभे असलेले मजूर आपण नेहमी पाहतो. जव्हार-मोखाड्याकडून आलेली ही माणसे. हातात डबा, बायकांच्या कडेवर मूल. नऊपर्यंत कोणी बोलावले तर त्या दिवसाची मजुरी, नाहीतर रिकाम्या हाताने परत. शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याला दिवस कलताना बाजारात अशीच माणसे भेटली होती. ती आळशी नव्हती. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. गरिबीचा विचार करताना हा फरक आपण प्रथम ध्यानात घ्यायला हवा.

दुष्काळातून आलेली योजना

हा फरक ओळखून कायदा करण्याचे श्रेय आपल्या महाराष्ट्राकडे जाते. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात याचा प्रयोग केला. १९७२-७३च्या भीषण दुष्काळात सरकारी कामांवरील मजुरांची संख्या एका वेळी सुमारे पन्नास लाखांवर गेली. त्या काळात रोजगार हमी योजनेने आकार घेतला. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत ते देणे शासनावर बंधनकारक झाले. न दिल्यास बेकारी भत्ता.

येथे गरिबीचा दाखला मागितला जात नव्हता. उन्हात माती खणण्याची तयारी हाच दाखला! ज्याला गरज नाही तो अशा कामावर येत नाही. स्त्री-पुरुषांना दरही समान होता. कामातून पाझर तलाव, बांध, रस्ते झाले. १९९०पासून फळबागाही योजनेला जोडल्या गेल्या.

पैसा कोठून आला?

आपल्यापैकी नोकरदारांनी पगाराची पावती काढून पाहावी. त्यावर ‘व्यवसाय कर’ असा रकाना दिसेल. १९७५ साली हा कर मुख्यत्वे रोजगार हमीसाठी लावला गेला. अशा करांतून जेवढे जमेल तेवढीच भर शासनाने घालायची, अशी तरतूद होती. म्हणजे शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराचा भार थोडा उचलला. विषमता कमी करण्याचा याहून साधा मार्ग क्वचितच सापडेल.

पुढे हाच विचार देशाने स्वीकारला. २००५च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १२५ झाले. मात्र बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला आणि शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची मुभा ठेवली गेली.

कागदावर आणि प्रत्यक्षात

मग नाक्यावर माणसे का उभी आहेत? हमी कागदावर असली, तरी अनेकदा काम वेळेवर सुरू झाले नाही, मजुरी उशिरा मिळाली. खोट्या हजेरीपटांनी तर मजुरांच्या तोंडचा घास पळवला. दिवाळीनंतर वीटभट्टीचा मालक रोख उचल देतो. घरात दाणा नसलेला माणूस महिनाभराने मिळणाऱ्या मजुरीची वाट कशी पाहणार? तो उचल घेतो आणि पावसाळ्यापर्यंत कुटुंबासह भट्टीला बांधला जातो. मुलांची शाळा सुटते. उशिरा मिळालेला न्याय गरिबाला किती महाग पडतो, ते येथे दिसते.

दया की न्याय?

भुकेल्याला अन्न देणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मागणाऱ्याच्या हाती असतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाविषयी लिहिले, तेव्हा ते दयेबद्दल नव्हे तर न्यायाबद्दल बोलत होते. आपण मात्र पुष्कळदा दया करून थांबतो. इतकेच नव्हे, तर आपल्या वाडीत काम करणाऱ्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देतो आणि त्यात आपल्याला काही वावगेही वाटत नाही.

काम मागणारा अर्ज देताना तारखेची पावती घेणे फार महत्त्वाचे असते. पंधरा दिवस मोजायचे कसे, हे त्या पावतीवरूनच ठरते. लिहिता-वाचता न येणाऱ्याला एवढी माहिती देणे, एक अर्ज लिहून देणे, हेही शेजारधर्माचे काम आहे.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मजुरांचे गाव कोणते, ते आपल्याला ठाऊक आहे काय?
२. स्त्री-पुरुषांना आपण समान मजुरी देतो काय? ती त्याच दिवशी देतो काय?
३. कर भरताना आपल्या मनात कुरकुर असते, की शेजाऱ्याविषयीची जाणीव?