अम्मीचा आवाज

(जुन्या व्हिडिओ कॅसेटची संगणकावर नक्कल करताना आलेल्या अडचणी आणि त्या दूर करण्याची रीत या पाठात सांगितली आहे.)

मोमिनपुऱ्यातील आमच्या घरी कपाटात एक व्हिडिओ कॅसेट होती. १९९९ साली माझ्या मोठ्या बहिणीचे लग्न झाले, त्याचे ते चित्रण. त्यात अम्मी होती. अम्मी आता हयात नाही. तिचा आवाज फक्त त्या फितीवर उरला होता. एका पावसाळ्यात फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले आणि मी घाबरलो.

"मामू, कॅसेट संगणकात उतरवून घेऊ या," नववीत शिकणारा माझा भाचा म्हणाला.

सीताबर्डीच्या एका जुन्या कारागिराने फीत हळुवार साफ केली आणि आपला व्हीसीआरही दिला. तो म्हणाला, "सर, फीत नाजूक झाली आहे. पुन्हा पुन्हा चालवू नका."

काम सुरू करण्यापूर्वी मी भाच्याला एक हिशेब दाखवला. आपल्याकडील पाल पद्धतीत एका चित्रात ७२० × ५७६ ठिपके आणि एका सेकंदात २५ चित्रे असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले, तर एका तासाला सुमारे ११२ जीबी जागा लागेल! म्हणून संगणक चित्रे आटोपशीर करून लिहितो. मागच्या चित्रातील जो भाग बदलला नाही, तो पुन्हा लिहीत नाही. फक्त बदल लिहितो. यालाच एन्कोडिंग म्हणतात.

पहिली अडचण लवकरच आली. तासाभरानंतर काम आपोआप थांबले. भाचा म्हणाला, "कॅसेटच खराब आहे." मी फाइलचा आकार पाहिला. तो बरोबर ४ जीबी होता. दोष कॅसेटचा नव्हता. आमची डिस्क फॅट-३२ पद्धतीची होती आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. आम्ही दुसऱ्या पद्धतीची डिस्क घेतली आणि कॅसेट पुन्हा लावली.

या वेळी कॅसेट पूर्ण उतरली. पण माणसे हलली की त्यांच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत. कारण, पाल पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येते: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. संगणक दोन्ही भाग एकदम दाखवतो, म्हणून दात दिसतात. एन्कोडिंग करताना 'डीइंटरलेस' हा पर्याय निवडला आणि रेघा गेल्या. हे आम्ही एका मिनिटाच्या तुकड्यावर तपासले.

तिसरी अडचण मोठी होती. अम्मीचे ओठ आधी हलत आणि आवाज नंतर येई. भाचा म्हणाला, "आवाज थोडा पुढे सरकवू या." मी म्हणालो, "थांब. आधी सुरुवात, मध्य आणि शेवट पाहू." सुरुवातीला फरक नव्हताच, शेवटी तो दोन सेकंदांचा झाला होता. फरक सगळीकडे सारखा असता, तर आवाज सरकवून भागले असते. पण तो वाढत होता. म्हणजे उतरवताना मधली काही चित्रे गळाली होती. एका मिनिटाच्या तुकड्यात हा दोष दिसलाच नसता. त्या वेळी संगणकावर इतर कामेही चालू होती.

कॅसेट आणखी एकदा चालवावी लागणार होती. आम्ही बाकीची सर्व कामे बंद केली आणि श्वास रोखून बसलो. फीत तुटली नाही. अम्मी पडद्यावर दुआ देत होती. ओठ आणि आवाज आता जुळले होते. बाजी काही बोलली नाही. ओढणीने डोळे पुसत राहिली.

"आता मोठी फाइल पुसून टाकू?" भाच्याने विचारले.

"नाही. मूळ फाइल राहू दे, कॅसेटही राहू दे. 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. वेळीच जपले नाही, की आवाज कायमचे हरवतात."

शब्दार्थ
हयात – जिवंत. आटोपशीर – कमी जागेत मावेल असे. गळणे – मधून सुटून जाणे.

स्वाध्याय
१. काम ४ जीबीवर का थांबले?
२. आवाज सरकवून तिसरी अडचण का सुटली नसती?
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या आठवणीविषयी पाच वाक्ये लिहा.