सरकीचे अंतरंग

यवतमाळ जिल्ह्यात कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. शेतकऱ्याची नजर धाग्यावर असते. तथापि कापसाचे बोंड हे शास्त्रदृष्ट्या फळ होय आणि त्याचे खरे प्रयोजन सरकी हे आहे. धाग्याचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील लांबलेली एक पेशी. १०० किलो कापसातून सुमारे ३३ ते ३५ किलो रुई मिळते. उरलेला बहुतांश भाग सरकीचाच असतो.

सरकी फोडली असता गरावर काळसर ठिपके दिसतात. ते गॉसिपॉल या द्रव्याचे. किडींपासून बीज राखण्याची ही निसर्गाची तजवीज होय. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटात रवंथाच्या क्रियेत त्याची विषबाधकता बरीच घटते. कोंबड्या व लहान वासरे यांना मात्र ते बाधते. म्हणून दुभत्या जनावरांना पोषक ठरणारी सरकी वासरांपुढे टाकू नये.

गुलाबी बोंडअळी मात्र या संरक्षणाला दाद देत नाही. दोन सरक्या जोडून ती आत सुप्तावस्थेत राहते. २०१७ साली जिल्ह्याने तिचा तडाखा अनुभवला. यास्तव हंगाम संपताच पऱ्हाटी व किडकी बोंडे बांधावर न साठविता नष्ट करणे हेच हिताचे.