ताप यायच्या आधीच पसरणारा कोरोना



गटाच्या बैठकीत कोरोनाचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी म्हणतंच, "मुंबईकरांनी आणला." मी स्वतः शीव कोळीवाड्याची, त्यामुळे ते लागतं. पण असा आजार पुन्हा येऊ शकतो, म्हणून तो पसरतो कसा हे आज समजून घेऊ.

हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब खाली पडतात, अगदी बारीक मात्र बंद खोलीत तरंगत राहतात, चुलीचा धूर कोंडतो तसे. दार-खिडकी उघडली की धूर विरतो, तसाच विषाणूही विरळ होतो. तेव्हा लोकांनी भाज्या साबणाने धुतल्या, नोटांना इस्त्री केली! हात धुवायचेच, पण त्याहून जास्त कामाचं होतं मास्क आणि उघडी खिडकी.

दुसरी गोष्ट, लागण झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून आजार पसरवू शकतो. काहींना तर लक्षणं येतच नाहीत. मग ज्याला स्वतःलाच माहीत नाही त्याला दोष कसा द्यायचा?

आमच्याच भागाचं बघा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत लोकांचं रक्त तपासलं. त्यात शीव, माटुंगा, अँटॉप हिलचा एफ उत्तर वॉर्डही होता. वस्त्यांमध्ये १०० पैकी ५७ जणांना लागण होऊन गेलेली निघाली, बाकीच्या भागात १६ जणांना. बहुतेकांना काही त्रासही झाला नव्हता. विषाणू तोच, फरक राहणीचा. एका खोलीत सहा-सात माणसं आणि सार्वजनिक शौचालय असेल तर अंतर ठेवणार कुठे? बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्त होतं. मला वाटतं, पाण्याची रांग आणि आजाऱ्याची सेवा बायकांच्याच वाट्याला येते, हे त्यामागे असावं. शेजारच्या धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. तिथे घरोघरी तपासणी केली आणि घरात वेगळं ठेवणं शक्य नव्हतं त्यांना शाळा, हॉलमध्ये हलवलं. गावात एखादी रिकामी खोली, समाजमंदिर असतं, ते आधीच हेरून ठेवा.

आता शरीरात काय होतं? विषाणू नाका-घशातून शिरतो. ताप, खोकला, अंगदुखी येते, काहींचा वास जातो. बहुतेक जणी घरीच बऱ्या होतात. काहींना मात्र पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास त्रास वाढतो. विषाणूशी लढता लढता शरीराची ताकदच बेफाम होते, फुप्फुसाला सूज येते आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो. फसवणूक अशी की माणूस नीट बोलत असतो आणि आतून ऑक्सिजन कमी झालेला असतो. म्हणून "मला काय झालंय, कामं पडलीत" असं म्हणणाऱ्या बाईलाही ऑक्सिमीटर लावायचाच. आकडा ९४ च्या खाली गेला तर डॉक्टर गाठायचा. धाप, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काही दिसलं तर थेट १०८ ला फोन.

उपचारात साध्या रुग्णाला विश्रांती, पाणी आणि तापाला पॅरासिटामॉल. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ऑक्सिजन घटला तर दवाखान्यात ऑक्सिजन देतात, पोटावर झोपवतात. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांश घटतात. पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा झाला नाही. स्टेरॉइडने साखर वाढते. २०२१ मध्ये काळी बुरशी झालेल्यांत मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेले पुष्कळ होते. तेव्हा दुकानातून आपल्या मनाने गोळी आणायची नाही. लस १६ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे सुरू झाली. लशीनंतरही लागण होते, पण आजार गंभीर होण्याचा धोका बराच कमी होतो.

गटाच्या पेटीत एक ऑक्सिमीटर ठेवा. लावण्याआधी नेलपॉलिश पुसा, हात गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवू नका. दिवसातून दोन-तीनदा तपासून वेळेसकट वहीत लिहा, म्हणजे आशाताई आल्या की वही दाखवता येईल.