धावपट्टीपलीकडील धाव

विद्यार्थिमित्रांनो, शर्यत पाहावयास जमलेला समुदाय विजयी धावपटूचे नाव घेतो, टाळ्या वाजवितो आणि घरोघर निघून जातो. त्या धावपटूचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. पालकांच्या मनात तो नेहमीच असतो. मुलाने अभ्यासाचा वेळ मैदानावर घालविला तर उद्या त्याचे कसे होणार, ही त्यांची चिंता रास्त आहे. म्हणून त्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे उदाहरणांसह करणार आहोत.

पहिले उदाहरण आपल्याच तालुक्यातील आहे. त्र्यंबकेश्वराहून हरसूलकडे गेले की डोंगराळ मुलूख लागतो. पावसाळ्यात तेथे पाऊस कोसळतो. उन्हाळ्यात त्याच पाड्यांवरील स्त्रियांना पाण्यासाठी दूर चालावे लागते. या मुलखातील सावरपाडा येथे १९८५ साली कविता राऊत यांचा जन्म झाला. धावण्यास साहित्य लागत नाही, अनवाणीही धावता येते, म्हणून त्यांनी हा खेळ निवडला. पुढे नाशिक येथे विजेंदर सिंग यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले आणि डोंगरवाटेवरील चपळाईला शिस्तीची जोड मिळाली.

२०१० साली दिल्ली येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत त्यांना रौप्यपदक लाभले. तेथे त्यांची वेळ ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद होती. सुवर्णपदक मिळविणाऱ्या केरळच्या प्रीजा श्रीधरन यांची वेळ होती ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद. म्हणजे पंचवीस फेऱ्यांनंतर दोघींत एक सेकंदाचेही अंतर नव्हते! विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : कविताबाईंनी चारशे मीटरची प्रत्येक फेरी सरासरी साडेशहात्तर सेकंदांत पुरी केली. एक फेरी त्या वेगाने पुष्कळांना धावता येईल. पंचवीस फेऱ्या तो वेग राखणे, यातच खरी साधना आहे. २०१२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, व २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये त्या मॅरेथॉन धावल्या. धावण्याच्याच बळावर त्यांना तेल व नैसर्गिक वायू महामंडळात नोकरीही मिळाली.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याचे. मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ येथे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. पुढे राज्य शासनाने त्यांची उपजिल्हाधिकारी म्हणून नेमणूक केली. पायांनी मिळविलेली कीर्ती लोकसेवेच्या खुर्चीपर्यंत पोहोचली.

तथापि सर्वांना असा मार्ग सुलभ होत नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी जेसी ओवेन्स याने १९३६ साली बर्लिन येथे चार सुवर्णपदके जिंकली. तो कृष्णवर्णीय होता. मायदेशी त्याला योग्य काम मिळेना. चरितार्थासाठी घोड्याशी शर्यत लावण्याचीही पाळी त्याच्यावर आली. परंतु क्लीव्हलंड शहरातील सार्वजनिक क्रीडांगणावर मुलांचे खेळ चालविण्याचे काम त्याने पत्करले, व पुढेही शिकागो येथे गरीब तरुणांसाठी तो झटत राहिला. बर्लिनची शर्यत काही सेकंदांची. मुलांचे हे काम अनेक वर्षांचे.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. नगराला रस्ते व पाणी जसे हवे, तसेच मोकळे मैदानही हवे. मुंबईचे शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुले झाले; तेथे खेळलेली कितीतरी मुले पुढे नावारूपास आली. परंतु नुसती जमीन म्हणजे क्रीडांगण नव्हे. दम कसा राखावा, दुखापत झाल्यास केव्हा थांबावे, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात कसा हाती घ्यावा, हे शिकविणारा जाणता माणूस तेथे असावा लागतो. हे काम जुन्या धावपटूइतके चांगले कोण करील?

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलांचे, आणि विशेषेकरून मुलींचे, धावणे हे कालहरण समजू नये; मात्र त्यांची पदवीही अपुरी राहू देऊ नये. शिकलेल्या धावपटूस शिक्षक, मार्गदर्शक अथवा क्रीडाधिकारी होता येते. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी पदक फार थोड्यांना मिळेल. परंतु आपल्या पाड्यावरील एखाद्या सपाट तुकड्यावरचे दगड वेचून, चुन्याची रेघ ओढून, लहान मुलांना संध्याकाळी पळावयास शिकविणे तुम्हां प्रत्येकाला शक्य आहे. येत्या सुटीत हे काम हाती घ्या.