दम आधी परततो, टाच मागून

प्रश्न : वय ४८. कॉलेजात असताना रोज धावायचो. वीस वर्षांच्या खंडानंतर जानेवारीतली मुंबईची हाफ मॅरेथॉन गाठायची आहे. गुडघे झिजतील, असं घरचे म्हणतात. काय करू?

उत्तर : जरूर धावा, पण ‘दम लागत नाही’ म्हणून अंतर वाढवू नका. या वयातल्या बऱ्याच दुखापती त्याच भरवशावर होतात. सराव सुरू झाला की एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि जुना वेग परत आल्यासारखा वाटतो. पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा मात्र महिने घेते, कारण तिला रक्तपुरवठाच कमी. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाचेमागे आखडली, तर त्या दिवशी धावणं नको. सवय जुनी असली, तरी कंडरेची ताकद भार देऊनच कमवावी लागते : दिवसाआड, मिनिटभर धावणं, दोन मिनिटं चालणं; शिवाय जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा सावकाश खालीवर करणं.

गुडघ्यांची भीती अनाठायी आहे. २०१७च्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के, तर बैठ्या माणसांपैकी १०.२ टक्के जणांत आढळली. गुडघे दुखणारे मुळात धावतच नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यानंही धावण्यानं झीज होते, असं ठरत नाही.

आधी रक्तदाब, साखर, ईसीजी तपासून घ्या. धावताना छाती आवळली, तर तिथेच थांबा आणि लगेच रुग्णालय गाठा. तयारी अपुरी वाटली, तर पुढच्या जानेवारीत धावा.