गृहोद्योग म्हणजे काय?

प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय 18, ह्यांत पौल करिंथास अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं राहून राहुट्या करण्याचें काम करी, असें आपण वाचतों. धडा देतांना उपदेशक बहुधा पौलाच्या स्वावलंबनाविषयीं बोलून पुढें जातात. आम्ही आज त्या घराकडे पाहूं. पतिपत्नी दोघांचाही तोच धंदा होता, आणि पुढें आसिया प्रांतांत मंडळीही त्यांच्याच घरीं जमे.

हल्लीं उंबऱ्याआड जें जें काम होतें त्या सर्वांस गृहोद्योग म्हणतात. आमच्या मतें हें बरोबर नाहीं. विडीचेंच पाहा. सोलापूर, सिन्नर, संगमनेर ह्या बाजूंस पुष्कळ स्त्रिया घरीं बसून विड्या वळीत आल्या आहेत. पान व तंबाखू कारखानदाराची, मजुरी हजारीं ठरलेली, आणि वाईट म्हणून बाजूस काढलेल्या विड्यांचे श्रम फुकट. घर मात्र तिचें, दिवा तिचा, खोकलाही तिचाच. ही उंबऱ्याआंत आणून टाकलेली मजुरी होय. 1966 सालच्या विडी कामगारांच्या कायद्यानेंही घरीं वळणाऱ्या स्त्रीस कामगारच गणिलें.

आतां पापड घ्या. 15 मार्च 1959 रोजीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांतूनच लिज्जत ही संस्था उभी राहिली. तेथेंही बाई तयार पीठ घरीं नेते, लाटून आणून देते, आणि तिला कामाच्या मापानें पैसे मिळतात. वरवर पाहतां विडीहून निराळें कांहींच नाहीं. पण लाटणारी स्त्री संस्थेची सभासद असते व नफ्यांत तिचा वांटा असतो.

वर्ध्यास 1934 सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते. (आपल्या मंडळ्यांत त्यांचें नांव क्वचितच ऐकूं येतें, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.) हिशेबतपासनिसाचा धंदा सोडून ते तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, हातकागद व मधमाशा ह्यांच्या मागें लागले. गांवच्या घाणीवर तेल काढलें म्हणजे पेंड गांवांतल्याच गुरांस मिळते, हा हिशेब साधा आहे. पण तो करितो कोण?

म्हणून कोणी दलाल घरकाम देऊं लागला, तर उपदेशकानें त्या कुटुंबाबरोबर बसून विचारावें: माल कोणाचा, भाव कोण ठरवितो, आणि बाई महिनाभर आजारी पडली तर उचल कशी फिटेल? येत्या आठवड्याच्या वर्गांत नीतिसूत्रें, अध्याय 31 वाचावा, आणि त्यांतील स्त्री शेत विकत घेऊन द्राक्षमळा लाविते तो कोणत्या पैशांतून, हें वर्गास शोधावयास सांगावें.